बीडच्या वाचनालयांचे अनुदान कोठून येते

बीड जिल्ह्यातील गावोगावची सार्वजनिक वाचनालये चालतात ती मुख्यतः राज्याच्या अर्थसंकल्पावर. राज्यघटनेने ग्रंथालये राज्यसूचीत टाकली आहेत. कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था तेवढ्या केंद्राकडे आहेत. त्यामुळे केज किंवा पाटोद्याच्या वाचनालयाचा पैसा दिल्लीच्या नव्हे, तर मुंबईत उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या तरतुदीत शोधावा लागतो.

1956 पर्यंत बीड हैदराबाद राज्यात होते आणि त्या राज्याने 1955 मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. कर्नाटक, तमिळनाडूने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राने तो टाळला आणि ग्रंथालय निधीत सरकारने दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालावेत एवढेच बंधन कायद्यात घातले. प्रत्यक्ष तरतूद आज शंभर कोटींच्या पुढे असली तरी ती वाढवणे सरकारच्या मर्जीवर राहते. उपकराची रक्कम मालमत्ता करासोबत आपोआप वाढते. इथे प्रत्येक वाढीसाठी ग्रंथालय संघांना मोर्चे काढावे आणि निवेदने द्यावी लागतात.

राज्यात मान्यताप्राप्त वाचनालये अकरा हजारांहून अधिक आहेत आणि त्यांतली बहुतेक स्थानिक नोंदणीकृत संस्था चालवतात. ग्रंथसंख्या, सभासद, वर्तमानपत्रे, कामाचे तास पाहून त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. संस्थेने वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे दिले की मान्य खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत, पण वर्गाच्या कमाल मर्यादेत, परिरक्षण अनुदान येते. उरलेले 10 टक्के वर्गणी-देणगीतून उभे करायचे. दसऱ्यानंतर निम्मे गाव ऊसतोडीला जाते, तिथे वर्गणी देणार कोण?

2012 च्या दरांनुसार ड वर्गाला वर्षाला 30,000 रुपये मिळत. त्यातले निम्मे वेतनासाठी, म्हणजे ग्रंथपालाच्या हाती महिन्याला 1,250 रुपये. उरलेल्या निम्म्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल, भाडे. रोज वाचनालय उघडणाऱ्या, दाखलनोंद वही सांभाळणाऱ्या माणसाला हा मोबदला अन्यायकारकच होता. त्याच वर्षी महसूल यंत्रणेकडून राज्यभर पडताळणी झाली. कागदोपत्री चालणारी वाचनालये उघडी पडली हे योग्यच झाले. पण त्यानंतर नव्या मान्यता आणि वर्गबदल अनेक वर्षे थांबले आणि नेकीने चालणाऱ्या संस्थाही ड वर्गातच अडकल्या. अनुदानात 60 टक्के वाढ करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो थेट नोव्हेंबर 2022 मध्ये.

केंद्राचा वाटा पूरक आहे. 1972 मध्ये कोलकात्यात स्थापन झालेले राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान सांस्कृतिक मंत्रालयाच्या पैशातून चालते. समान निधी योजनेत राज्याने आपला हिस्सा घातला की प्रतिष्ठान आपला घालते आणि त्यातून प्रामुख्याने पुस्तके येतात. असमान निधी योजनेत राज्याच्या हिश्श्याची अट नसते. पगाराला यातले काही लागत नाही.

माहिती धोरणाचा मोठा पैसा आता डिजिटल वाटेने जातो. फेब्रुवारी 2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुले आणि किशोरांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जाहीर झाले; पंचायत आणि प्रभाग पातळीवर प्रत्यक्ष ग्रंथालये उभारायला राज्यांना प्रोत्साहन देण्याचेही त्यात होते. नोव्हेंबर 2024 मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेला तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये मंजूर झाले. सुमारे 13,000 संशोधन नियतकालिके त्यातून सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना खुली होतात. गावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले या योजनेच्या कक्षेत येत नाहीत.