मात्रा, पुडी आणि पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचा भागाकार

रुग्णाचे बल, अग्नी व काल पाहून वैद्य मात्रा ठरवितो. परंतु ती पुडीत बरोबर उतरली नाही, तर तो सारा विचार व्यर्थ ठरतो. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा आहे. अक्राणी, अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगरपाड्यांवरचा रुग्ण आठवडे बाजाराच्या दिवशी येतो आणि पुढील बाजारापर्यंतचे औषध एकदम नेतो. औषध मध्येच संपले, तर तेवढ्यासाठी तो पुन्हा डोंगर उतरून येईलच असे नाही. म्हणून पुड्यांचा हिशेब प्रत्येक व्यवसायबंधूस अचूक यावयास हवा.

आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियाप्रमाणे १ गुंज म्हणजे १२५ मिलिग्रॅम, ८ गुंजांचा १ माषा म्हणजे १ ग्रॅम व १२ माषांचा १ कर्ष अथवा तोळा म्हणजे १२ ग्रॅम. जुना व्यापारी तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. ही दोन माने एकत्र करू नयेत.

पहिले उदाहरण : त्रिफळा चूर्ण साडेसात तोळे आहे व मात्रा सव्वादोन माषे. पुड्या किती? प्रथम दोन्ही संख्या एकाच मानात आणाव्यात. साडेसात तोळे म्हणजे ९० माषे. आता दोहोंचे पाव करावेत : ९० माषांचे ३६० पाव, सव्वादोनचे ९ पाव. ३६० भागिले ९ म्हणजे ४० पुड्या. सकाळ-सायंकाळ दिल्यास २० दिवस पुरतील. ९/४ उलटा करून गुणणे म्हणजे हेच होय. पूर्णांकास पूर्णांकाने व अपूर्णांकास अपूर्णांकाने निरनिराळे भागणे मात्र सर्वथा चूक आहे.

दुसरे उदाहरण : शंखभस्म साडेचार माषे, म्हणजे ३६ गुंजा, मात्रा अडीच गुंजा. दोहोंचे अर्धे केल्यास ७२ भागिले ५, उत्तर १४ पूर्णांक २/५. पुड्या १४, म्हणजे दोन वेळच्या हिशेबाने बरोबर सात दिवस. येथे पुष्कळांची गफलत होते. उरलेले २/५ म्हणजे २/५ गुंज नव्हे, तर एका मात्रेचे २/५, म्हणजे पूर्ण १ गुंज होय. तिची पंधरावी पुडी बांधू नये. ती अपुऱ्या मात्रेची होईल.

तिसरे उदाहरण : आसवाची २२५ मिलिलिटरची बाटली, मात्रा १५ मिलिलिटर दोन वेळा, म्हणजे बाटली साडेसात दिवस पुरते. २१ दिवसांस बाटल्या किती? २१ भागिले साडेसात म्हणजे ४२ भागिले १५, उत्तर २ पूर्णांक ४/५. येथे दोन बाटल्या दिल्यास औषध १५ दिवसांतच संपेल. म्हणून तीनच द्याव्यात.

सारांश, भागाकाराची रीत एकच. परंतु उरलेल्या अपूर्णांकाचे काय करावयाचे, हे प्रश्न ठरवितो. हाती असलेल्या औषधाच्या मात्रा मोजताना तो सोडावा. ठरलेल्या दिवसांस औषध पुरवावयाचे असता पुढची पूर्ण संख्या घ्यावी.

शेवटी ताळा अवश्य पाहावा. ज्यांनी बालपणी अडीचकी पाठ केली, त्यांना चौदा अडीचे पस्तीस व वर एक, असे छत्तीस तोंडीच जुळविता येतील. इतरांनी कागदावर गुणून पाहावे आणि मगच पुड्या बांधावयास घ्याव्यात.