दम्याचे ५३ रुग्ण आणि योगाचे विद्यापीठ

योगाच्या विद्यापीठात उपनिषदे किती शिकवतात, यावरून त्याची पारख करण्यात अर्थ नाही. आपला दावा खोटाही ठरू शकेल अशा कसोटीवर ते तो घासते का, एवढे पाहावे. महाराष्ट्राला हे नवे नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक. नौली ही पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून बस्ती या आतडे धुण्याच्या क्रियेत पाणी आपोआप आत ओढले जाते, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवले. बंगळुरूजवळ जिगणीला असलेले ‘एस-व्यास’ हे खासगी अभिमत विद्यापीठ याच वाटेवरचे. त्याचे मूळ एकनाथ रानडे यांनी १९७२ मध्ये उभारलेल्या विवेकानंद केंद्रात आहे. अभिमत दर्जा २००२ चा. पण माझ्या मते त्याची खरी पात्रता १९८५ मध्येच दिसली होती. त्या वर्षी विवेकानंद केंद्राच्या डॉ. नागरत्ना आणि डॉ. नागेंद्र यांचा दम्यावरचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. ५३ रुग्णांना दोन आठवडे योग शिकवून रोज ६५ मिनिटे सराव करायला सांगितले होते. वय, लिंग, दम्याचा प्रकार आणि तीव्रता जुळणारे दुसरे ५३ जण नेहमीच्या औषधांवरच राहिले. पहिल्या गटाचे झटके आणि औषधे अधिक कमी झाली.

शंका उघड आहे: आपण योग करतो हे रुग्णाला ठाऊक असते, मग गुण श्वासाचा की विश्वासाचा? याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी केला. प्राणायामाप्रमाणे उच्छ्वास श्वासाच्या दुप्पट लांबवणारे एक उपकरण आणि हुबेहूब तसेच दिसणारे एक नकली उपकरण त्यांनी १८ रुग्णांना आळीपाळीने दिले. १९९० च्या ‘लॅन्सेट’मधल्या निष्कर्षानुसार खऱ्या उपकरणाने श्वासनलिकांची संवेदनशीलता कमी झाली, बाकीचे फरक मात्र योगायोगाचेही असू शकत होते. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्याने १५ चाचण्या तपासून लक्षणांत थोडीच सुधारणा संभवते, असे म्हटले. जाहिरातीला हे पुरत नाही, विद्यापीठाला पुरावे.

कैवल्य यंत्राने मोजता येत नाही, ही मापे पाश्चात्त्य आहेत, असा आक्षेप घेतला जातो. पहिला भाग मान्य. पण दम्याचा दावा शरीराचा आहे आणि तो शरीरावरच तपासावा लागेल. दुसरा भाग मात्र परंपरेलाच उणेपणा आणतो. पतंजलींनी आगमाबरोबर प्रत्यक्ष आणि अनुमानही प्रमाण मानले; शास्त्रकार पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धांताकडे जात नसत. खरी अडचण पैशाची आहे. संस्था ज्या उपचारावर चालते, तोच निष्फळ ठरवणारा प्रबंध तिने छापावा, ही अपेक्षा अवघड आहे, पण गैरवाजवी नाही. म्हणून मुलांना अशा विद्यापीठात घालू पाहणाऱ्या पालकांना एकच सुचवतो: शुल्क भरण्याआधी तिथल्या ग्रंथालयात जा आणि योगाचा उपयोग झाला नाही असे सांगणारा एक तरी पीएच.डी. प्रबंध मागा.