धर्माच्या गाईचे दात

'धर्माची गाय आणि दात का गे नाय' ही म्हण प्रथम ज्याच्या तोंडून निघाली असेल त्याचा रोख अर्थातच घेणाऱ्याच्या हावरेपणावर होता. परंतु कठोपनिषदातील नचिकेत्याने तोच प्रश्न उलट बाजूने, म्हणजे देणाऱ्याविषयी, उपस्थित केला, आणि बापाने यज्ञात दक्षिणा म्हणून हाकलेल्या म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई पाहून असल्या दानाने दात्याच्या पदरी पुण्य ते कोणते पडणार, अशी शंका त्या पोराच्या मनात उभी राहिली. दात्याने गाईचे दात आधी स्वतः मोजावेत, हा त्या शंकेतून निघणारा दंडक अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या दानास, आणि त्यातही ज्यांच्या पोटात पेट्रोलचे एंजिन व घरच्या प्लगवर भरता येणारी बॅटरी अशी दोन्ही इंद्रिये असतात त्या प्लग-इन हायब्रिड मोटारींच्या दानास, विलक्षण लागू पडतो.

जुनी मोटार धर्मादाय संस्थेस देऊन आयकरात सूट मिळवावी, हा तिकडचा जुना प्रघात. संस्थेचा माणूस दारातून गाडी ओढून नेतो, बहुधा ती लिलावात निघते, आणि आडत्याचा वाटा वजा जाता उरेल ते संस्थेच्या खजिन्यात जमा होते. २००० साली सुमारे ७,३३,००० करदात्यांनी अशी सूट मागितली होती. पुढे २००३ मध्ये अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कचेरीने ५४ दानांची छाननी केली, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश प्रकरणांत, दात्याने सरकारदरबारी दाखवलेल्या किमतीच्या शेकडा पाच किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडल्याचे आढळले. त्यावर २००४ साली कायदा झाला, आणि १ जानेवारी २००५ पासून ५०० डॉलरांहून अधिक सूट मागणाऱ्यास, गाडी प्रत्यक्ष जेवढ्यास विकली गेली तेवढ्याच रकमेवर हक्क सांगता येऊ लागला. मात्र संस्थेने ती गाडी स्वतःच्या कामी लावली, तिची भरीव दुरुस्ती केली किंवा एखाद्या गरजूस ती फुकट वा बाजारभावाहून पुष्कळ कमी किमतीत दिली, तर पूर्ण बाजारभाव ग्राह्य धरण्याची तजवीज त्यात आहे.

लिलावात गिऱ्हाईक पाहते ते रंग, टायर आणि काट्यावरचे मैल. प्लग-इन मोटारीचे खरे वय यांपैकी कशातही उतरत नाही. २०१० च्या डिसेंबरात बाजारात आलेल्या शेव्हरोले व्होल्टचेच पाहा. तिच्या पोटाशी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, २८८ घटांची, सुमारे २०० किलो वजनाची लिथियम-आयन बॅटरी होती. तिची धारणशक्ती १६ किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत १६ युनिटे. परंतु घट काठोकाठ भरणे आणि तळापर्यंत उपसणे ही दोन्ही त्याच्या आयुष्यास घातक असल्यामुळे निर्मात्यांनी सुमारे दहा युनिटेच वापरास मोकळी ठेवली आणि बाकीची, सावध कारभाऱ्याने गंगाजळी राखावी तशी, राखून ठेवली. तेवढ्यावर नवी गाडी सरकारी मोजणीप्रमाणे ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर, जाई, आणि मग १.४ लिटरचे एंजिन आपोआप सुरू होई.

ही धारणशक्ती झिजते कशी, हा मोठा मनोरंजक मामला आहे. घट भरताना लिथियमचे आयन धातूच्या ऑक्साइडाकडून ग्रॅफाइटाकडे जातात आणि गाडी धावताना परततात. पहिल्या काही भरणांतच मधल्या द्रवाच्या विघटनाने ग्रॅफाइटावर एक अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो. पुढील विघटनास तोच बांध घालतो, म्हणून तो रक्षकच होय. पण त्याच्या बांधणीत खर्ची पडलेले लिथियम येरझारीस पुन्हा मिळत नाही, आणि उष्णतेत, विशेषतः बॅटरी पूर्ण भरलेली असताना, गाडी दीर्घकाळ उभी राहिली की तो अधिकच जाड होतो. पहारेकऱ्याचा पगार तिजोरीतूनच द्यावा आणि पहारेकरी मात्र वर्षागणिक वाढत जावेत, तशी ही गत.

दात मोजण्यास प्रयोगशाळा लागत नाही. रात्री गाडी पूर्ण भरावी, सकाळी चालवावयास काढावी, आणि एंजिन गुरगुरू लागताक्षणी समोरच्या पडद्यावर, शेवटच्या भरणापासून किती वीज खर्च झाली, तो आकडा वाचून टिपून ठेवावा. तो दहाच्या आसपास असेल तर बॅटरी अजून तरुण. आठ असेल तर पंचमांश ताकद गेली. मैलांवर विसंबू नये, कारण हिवाळ्यात हीटरच बरीच वीज खातो.

आठ युनिटांची गाडी म्हणजे मात्र दूध आटलेली गाय नव्हे. वरच्याच हिशेबाने ती विजेवर २८ मैल जाईल. आणि ज्याचे काम घरापासून दहा मैलांवर आहे, ज्याच्या अंगणात १२० व्होल्टचा साधा प्लग आहे, त्या गरजूची रोजची येजा, दहा-बारा तासांच्या रात्रभरच्या भरणावर, पेट्रोलचा थेंबही न जाळता होऊ शकेल. दूरच्या प्रवासास एंजिन आहेच. इतकेच काय, गाडीतून निवृत्त झालेल्या बॅटरीसही काम उरते : मिशिगनमधील मिल्फर्ड येथे जनरल मोटर्सने २०१५ साली व्होल्टच्या पाच जुन्या बॅटऱ्या सौर व पवनविजेच्या जोडीस बसवून आपल्या एका इमारतीच्या सेवेस लावल्या. लिलावाच्या हातोड्यास हा गुण दिसत नाही. तो संस्थेस सांगावा लागतो, आणि सांगावयाचा तर आधी दात्यास ठाऊक असावा लागतो.

म्हणून मालकीहक्काच्या दस्तऐवजाबरोबर त्या सकाळी टिपलेला आकडाही संस्थेस द्यावा, आणि मागील खणात गुंडाळून ठेवलेली चार्जिंगची तार गॅरेजात विसरू नये. गाय द्यावी ती दाव्यासकट.