लिहा, पुसा, पुन्हा लिहा : डिजिटल लॉजिकची पाटी

डिप्लोमा वा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे डिजिटल लॉजिक हा विषय केव्हा ना केव्हा येतोच. पुष्कळजण ट्रुथ टेबल पाठ करून उत्तीर्ण होतात. परंतु कागदावरील सर्किट प्रत्यक्ष चालताना पाहिल्याशिवाय विषय अंगी मुरत नाही. ही उणीव थोड्या खर्चात भरून काढणाऱ्या एका साधनाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत. ते म्हणजे स्पेनमधील ग्रानाडा येथील सुप्रसिद्ध राजवाड्याचे नाव धारण करणारा ‘आइसझम अल्हाम्ब्रा’ बोर्ड होय.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. जिन्यातील दिव्याला खाली एक व वर एक अशी दोन बटणे असतात. कोणतेही एक बटण फिरवले की लागलेला दिवा विझतो, विझलेला लागतो. दोन बटणांच्या मिळून चार स्थिती. प्रत्येकीचे उत्तर ० किंवा १. ही चार उत्तरे तक्त्यात लिहून ठेवली की एक्सऑर गेट तयार झाले! अल्हाम्ब्रावरील एफपीजीए चिपमध्ये हेच तत्त्व वापरलेले आहे. तिच्यात १२८० लहान घरे आहेत. प्रत्येक घरात चार इनपुटांची १६ उत्तरे मावणारा एक तक्ता आणि एक बिट लक्षात ठेवणारा फ्लिप-फ्लॉप असतो. तक्त्यात काय लिहावे व कोणते घर कोणाला जोडावे, हे विद्यार्थ्याने रचलेल्या सर्किटवरून ठरते. चुकले तर पाटीप्रमाणे पुसून पुन्हा लिहावे; त्यासाठी नवा आयसी विकत आणावा लागत नाही.

बोर्डवर दोन बटणे व आठ एलईडी आहेत. एक्सऑरच्या प्रयोगात एक बटण दाबून धरले की दिवा लागतो. दोन्ही दाबली की विझतो. पुढचा धडा क्लॉकचा. बोर्डवरील क्लॉक सेकंदाला १ कोटी २० लाख ठोके देते. त्या गतीने उघडझाप करणारा दिवा डोळ्यांना सतत लागलेलाच दिसेल. म्हणून २४ फ्लिप-फ्लॉपांचा काउंटर रचावा. त्याचे एक आवर्तन १,६७,७७,२१६ ठोक्यांचे, म्हणजे सुमारे १.४ सेकंदांचे. त्याच्या सर्वांत वरच्या बिटाला जोडलेला दिवा सुमारे ०.७ सेकंद लागतो व तितकाच वेळ विझतो. हे गणित एकदा डोळ्यांनी पाहिले की विसरत नाही.

अशा चिप पूर्वीही होत्या. मग यात नवे काय? पूर्वी त्यांच्यावर लिहिण्यासाठी कंपनीचेच सॉफ्टवेअर लागे, आणि कोणता बिट काय करतो हे कंपनी उघड करीत नसे. २०१५ साली क्लेअर वुल्फ व मथियास लासर यांच्या ‘प्रोजेक्ट आइसस्टॉर्म’ने लॅटिस कंपनीच्या आइस४० चिपची ही लिपी उलगडून सर्वांसाठी खुली केली. त्या पायावर उभ्या राहिलेल्या ‘आइसस्टुडिओ’त पडद्यावर गेटांची चित्रे जोडून सर्किट तयार होते, तेही विनामूल्य. बोर्डचा आराखडाही खुला आहे. कोणीही तो अभ्यासावा, सुधारावा, स्वतः बनवावा. चिपची घडण मात्र कंपनीचीच आहे, हे ध्यानात असावे.

एखाद्या अभ्यासिकेत असा एक बोर्ड व एक जुना संगणक असला, तरी अनेक विद्यार्थी पाळीपाळीने शिकू शकतील. ज्या साधनाच्या आत डोकावता येते, तेच साधन खरे शिकवते, असे आम्हांस वाटते.