विहिरीवरचा फिरता हात

उन्हाळ्यात वर्धा जिल्ह्यातल्या सेलू, देवळी, आर्वीकडच्या कुठल्याही रस्त्याने निघालात की एखाद्या शेतात काळ्या दगडांचा नवा ढीग दिसतो. शेजारी डिझेल इंजिन धडधडत असते आणि एक लोखंडी हात जमिनीत बुडी मारल्यासारखा वाकलेला असतो. पश्चिम महाराष्ट्रात या यंत्राला यारी म्हणतात. आपल्याकडे सरळ ‘क्रेन’ म्हणतात. विहीर खोदायला ‘क्रेन लावली’ म्हटले की सगळे समजते. पाहणाऱ्याचे लक्ष इंजिनाकडे जाते, नाहीतर वर येणाऱ्या बकेटीकडे. मला मात्र त्या खांबाच्या बुडाशी असलेली, ग्रीसने माखलेली, ओंजळभर जागा बघायला आवडते. सगळा खेळ तिथे आहे.

पण आधी इथली जमीन बघू. कोळशाच्या नकाशावर ‘वर्धा खोरे’ हे नाव मोठे असले, तरी ते नदीमुळे. त्या खाणी खाली चंद्रपूर आणि वणीच्या बाजूला आहेत. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर बसलेला आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मऊ मांजऱ्या खडक, त्याखाली घट्ट पाषाण, आणि मध्येच कुठे दोन लाव्हाथरांमधली गेरूसारखी लाल माती. पाणी असते ते या खडकाच्या भेगांत आणि मांजऱ्याच्या पोकळ्यांत. त्यामुळे शेतकऱ्याला अरुंद भोकापेक्षा रुंद विहीर बरी वाटते. जितक्या जास्त भेगा कापल्या जातील तितके झरे लागण्याची शक्यता जास्त, आणि रात्रभर झिरपलेले पाणी साठवायलाही जागा राहते. म्हणून आपल्याकडची विहीर म्हणजे एक लहानशी खाणच. खनिज निघत नाही, एवढाच फरक.

आता थोडा हिशेब करू. सहा मीटर व्यासाची, बारा मीटर खोल विहीर धरा. वरचे चार मीटर माती आणि मुरूम जेसीबी काढून देतो. त्याच्या हाताबाहेरचे आठ मीटर उरतात, ते सुरुंगाने फोडायचे. सहा मीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मीटर. आठने गुणले की २२६ घनमीटर खडक. बेसाल्टचा एक घनमीटर २.८ टनांच्या आसपास भरतो, म्हणजे सव्वासहाशे टनांहून अधिक दगड. एका खेपेला बकेटीत ३०० किलो आले, तर दोन हजारांवर खेपा होतात. प्रत्येक खेपेत क्रेनचा हात एकदा भरलेला बाहेर फिरतो आणि एकदा रिकामा आत येतो. म्हणजे एका विहिरीसाठी चार हजारांहून जास्त वेळा फिरणे आले.

या फिरण्याचे महत्त्व कळायला मोट आठवावी. मोटेला धाव होती, नाडा होता, सोंदूर होता, कणा आणि चाक होते. पण वळणे नव्हते. बैल सरळ रेषेत जात, मोट सरळ वर येई आणि काठाशी आली की पाणी आपोआप थारोळ्यात पडे, तिथून पाटाने शेतात जाई. पाणी स्वतःच बाजूला होते. पवनारला विनोबांच्या आश्रमात १९५०च्या सुमारास कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाविना जगण्याचा, प्रयोग चालला होता, तेव्हा रहाट बैलांऐवजी माणसांनी फिरवला. माणसे दमली असतील, पण वर आलेल्या पाण्याचे काय करायचे हा प्रश्न त्यांना पडला नाही. दगडाचे तसे नाही. तो काठावर आला तरी तिथेच लोंबकळत राहतो. त्याला खड्ड्याच्या तोंडावरून हलवून लांब नेऊन टाकावे लागते, आणि काठाला टाकला तर तो पुन्हा आत, खालच्या माणसाच्या डोक्यावर. वडार आणि बेलदार समाजातली माणसे हाताने विहिरी खोदत, तेव्हा लाकडी चौकटीवरचे चाक आणि दोर दगडाला वर आणत. काठावर उभा माणूस वाकून टोपले ओढून घेई. कमरेतून वळणारा तो माणूस हेच तेव्हाचे फिरते यंत्र होते. क्रेनने त्याची कंबर लोखंडाची केली.

ही कंबर कशी असते ते बघू. जुन्या वाड्यांच्या दारांना बिजागऱ्या नसत. फळीच्याच खालच्या आणि वरच्या टोकाला कुसू असे. खालचे उंबऱ्याजवळच्या उखळीत बसे, वरचे चौकटीतल्या भोकात, आणि दार त्या दोन टोकांवर फिरे. क्रेनचा उभा खांब अगदी तसाच आहे. त्याचे खालचे टोक लोखंडी वाटीत किंवा बेअरिंगमध्ये बसते, वरचे टोक एका कडीत, आणि त्या कडीला मागून तिरके पाय नाहीतर तारेचे तणावे धरून ठेवतात. खांबाला आडवा-तिरका हात, हाताच्या टोकाला पुली, पुलीवरून वायररोप, रोपाला बकेट. खालची वाटी सगळे वजन झेलते. वरची कडी वजन झेलत नाही, ती फक्त खांबाला पुढे कोसळू देत नाही. काही कारागीर वाटीच्या जागी जुन्या ट्रकचा हब बसवतात, आणि ती युक्ती बिनतोड आहे. त्यातले टेपर रोलर बेअरिंग खालचा भार आणि बाजूचा रेटा दोन्ही सोसते.

वरची कडी उंच का हवी, हेही आकड्यांतच कळते. बकेट आणि दगड मिळून ४०० किलो धरा, आणि ते खांबापासून चार मीटरवर लटकले आहेत. त्यांचा खांबाला उलथवण्याचा जोर झाला १६०० किलो-मीटर. खालची वाटी आणि वरची कडी यांत चार मीटर अंतर असेल, तर प्रत्येकीवर बाजूचा रेटा ४०० किलोचा. हेच अंतर अर्धा मीटर ठेवले, तर रेटा ३२०० किलो. दगड तोच, हात तोच, पण बेअरिंगवरचा रेटा आठपट. म्हणून विहिरीवरची क्रेन उंच, काटकुळी आणि जरा वेडीवाकडी दिसते. शहरातल्या क्रेनसारखी बुटकी, गुटगुटीत बैठक करायची तर मोठ्या व्यासाचे, महागडे बेअरिंग लागते.

मागचे पाय दोन असतात आणि ते एकमेकांपासून काटकोनात फाकवलेले असतात. हात विहिरीवर असताना दोन्ही पाय मिळून ताण घेतात. हात एका बाजूला वळला की एक पाय ओढला जातो आणि दुसरा दाबला जातो. म्हणून त्यांची टोके जमिनीत नुसती टेकवून चालत नाही. त्यांच्या आडव्या चौकटीवर दगड रचून वजन द्यावे लागते. विहिरीतून निघालेला पहिला दगड बहुधा याच कामाला लागतो, आणि मला ते फार शोभून दिसते. दोन पायांमुळे हाताला पूर्ण गोल फिरता येत नाही, पण त्याची गरजही नसते. खांब काठापासून एक मीटर मागे असेल तर विहिरीचा मध्य चार मीटरवर येतो. हात ९० अंशांत वळवून बकेट उलटली, तर दगड काठापासून अडीच-पावणेतीन मीटरवरच पडतो. १२० अंशांपर्यंत नेली तर चार मीटरच्या जवळपास. ही सव्वा मीटरची वाढ किरकोळ नाही, कारण फुटलेला दगड मूळ खडकापेक्षा दीडपट जागा खातो आणि ढीग घसरत घसरत काठाकडेच येऊ बघतो.

आता जुळवणी. क्रेन बसवताना सगळ्यात आधी ओळंबा लागतो. खांब चारी बाजूंनी सरळ उभा हवा. तो एक अंश जरी कलला, म्हणजे चार मीटर उंचीवर टोक सात सेंटीमीटर सरकले, तरी फिरता हात खालच्या बाजूला आपोआप ओढ घेतो. नीट न बसवलेले दार कोणी न ढकलता मिटते तसा. एका अंशाला ही ओढ सुमारे सात किलोची असते, तीन अंशांना एकवीस. वाचताना कमी वाटेल, पण बेअरिंग चांगले गुळगुळीत असले की तेवढ्याने भरली बकेट स्वतःहून फिरू लागते, आणि एकदा फिरू लागलेले चारशे किलो हाताने थांबत नाहीत. म्हणून चौकटीच्या कोपऱ्यांखाली स्क्रू जॅक असतात, ते नसतील तर लाकडाच्या फळ्या आणि पाचरी. परीक्षा अगदी सोपी आहे: रिकामा हात चार दिशांना न्यायचा आणि सोडून द्यायचा. जिथे सोडला तिथेच राहिला तर बैठक बरोबर. ही परीक्षा रोज सकाळी घ्यावी, कारण आपली काळी माती वाळते, भेगाळते, खचते. काल सरळ असलेला खांब आज तसाच असेल याची खात्री नाही. चौकट मातीवर न ठेवता मुरमापर्यंत खणून टेकवली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

दुसरी जुळवणी हाताच्या पल्ल्याची. पाच मीटर लांबीचा हात आडव्या रेषेपासून ३७ अंश वर उचलला की पल्ला चार मीटर, ६० अंशांवर अडीच मीटर. हात असा वर-खाली करून पल्ला बदलणारा दोर वेगळा असतो आणि तो बकेट उचलण्याच्या दोरात गुंतवू नये. रोजच्या कामात हा कोन एकदा ठरवून पिनेने पक्का करतात. तशीच एक पिन किंवा अडसर फिरण्यालाही हवा. हात विहिरीवर आला की ठरल्या ठिकाणीच थांबावा, म्हणजे बकेट प्रत्येक वेळी तळाच्या त्याच कोपऱ्यात उतरते आणि खालच्या माणसांना कुठे उभे राहायचे नाही ते नेमके ठाऊक असते.

तिसरी गोष्ट दिसत नाही, आणि मला वाटते सगळ्यात जास्त क्रेना तिच्यापायी बिघडतात. इंजिन, क्लच आणि दोर गुंडाळणारा ड्रम जमिनीवर पक्का असतो. हात मात्र फिरतो. मग ड्रमकडून हाताकडे जाणारा दोर कुठून न्यायचा? तो खांबाच्या बरोबर मध्यरेषेतून, म्हणजे हात ज्या अक्षावर फिरतो त्याच्या रेषेत, वर जायला हवा. बुडाशी एक पुली अशी बसवायची की दोर तिच्यावरून सुटून त्या रेषेत उभा चढेल. दोर या रेषेच्या दहा सेंटीमीटर बाजूने गेला, तर ४०० किलोच्या ताणाने हाताच्या टोकाला सतत दहा किलोपर्यंतचा रेटा बसत राहतो. बकेट जमिनीवरून उचलली रे उचलली की हात वळू लागतो; माणसाला वाटते बेअरिंग खराब झाले, आणि तो ग्रीस भरत बसतो. इंजिनासकट ड्रमच फिरत्या चौकटीवर चढवला तर हा प्रश्न मिटतो, पण मग इंजिनाचे वजन आणि धक्के बेअरिंगवर येतात.

काम चालू झाले की माणसांची विभागणी ठरलेली असते. एक जण क्लच-ब्रेकवर, एक जण हात फिरवणाऱ्या दोरीवर, बाकीचे तळाशी दगड भरायला. खालून ‘उचल’ म्हणून हाक येते, बकेट वितभर उचलून थांबते, झोका शमतो, मग वर जाते. पुरती काठावर आल्याशिवाय हात वळवायचा नाही. आधीच वळवला तर बकेट भिंतीला घासत येते आणि झोका घेते. झोका घेणारे वजन सरळ लटकणाऱ्या वजनापेक्षा जास्त भार टाकते, आणि त्याचा बाजूचा रेटा वरच्या कडीवरही येतो. सुरुंग लावायच्या वेळी हात पूर्ण बाहेर वळवून बांधून ठेवतात, नाहीतर उडालेले दगड पुलीला आणि रोपाला लागतात.

रोपाबद्दल दोन शब्द. दहा मिलिमीटरचा नवा वायररोप पाच टनांवर ताण सोसतो, म्हणून चारशे किलो म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण मुरगळलेला, गंजलेला, लहान पुलीवरून हजार वेळा वाकलेला रोप नवा राहत नाही. पुलीचा व्यास रोपाच्या अठरा-वीस पट तरी हवा. तुटलेल्या तारांची टोके हाताला टोचू लागली की रोप बदलायचा, गाठ मारून पुढे चालवायचा नाही. माणसांनी बकेटीत बसून वर-खाली करू नये, त्यासाठी शिडी ठेवावी. खाणीत माणसे नेणाऱ्या यंत्राचा रोप आणि ब्रेक तपासतात, आणि त्या तपासणीची वही असते. शेतातल्या विहिरीवर वही तपासायला कोणी येत नाही, कारण कायद्याच्या लेखी ती खाण नव्हे.

पाणी लागले की पंप बसतो, आणि क्रेनवाला दुसऱ्याच दिवशी निघायच्या तयारीला लागतो. आधी रोप उतरवतात, मग हात, मग मागच्या पायांवरचे दगड. शेवटी खांब उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आडवा ठेवतात आणि वाटीतले काळे, वाळूने खरखरीत झालेले ग्रीस चिंधीने पुसून काढतात. वाटीत खांबाच्या टोकाने चकचकीत घासलेले एक कडे दिसते. ते कडे सगळीकडे सारखे रुंद असेल तर खांब या मुक्कामी सरळ उभा होता. एका बाजूला जास्त रुंद असेल, तर कारागीर त्या बाजूला बोट फिरवून बघतो आणि पुढच्या शेतात जॅक लावायला कुठून सुरुवात करायची ते ठरवतो.