सात हजार नळ्यांचा श्वास

'ऑर्गन' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ती संगीत नाटकाची पायपेटी. पायांनी भाता हलवायचा आणि गायकाला सूर द्यायचा! युरोपातील मोठ्या ऑर्गनचे प्रकरण मात्र निराळे. पायपेटीत धातूची पातळ पट्टी कंप पावते. तिकडे बहुतेक सूर बासरीसारखे नळीतून निघतात, आणि एका नळीचा सूर एकच. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील ऑर्गनला अशा ७,८६६ नळ्या आहेत. याला वाद्य म्हणावे की इमारत?

राल्फ डाउन्स यांनी आखलेला आणि हॅरिसन अँड हॅरिसन या कारागिरांनी बांधलेला हा ऑर्गन १९५४ साली वाजू लागला. २००५ मध्ये सभागृहाच्या दुरुस्तीसाठी तो उतरवला गेला. २००७ मध्ये सभागृह उघडले, पण ऑर्गनचा जेमतेम तिसरा हिस्सा जागेवर आला. बाकीच्यासाठी पैसा उभा करावा लागला. रसिकांनी एकेका नळीपुरती देणगी दिली. अखेर मार्च २०१४ मध्ये वाद्याला पुरा कंठ फुटला.

त्याच महिन्यात लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची मैफल झाली आणि तिथेच ध्वनिमुद्रित झाली. संचालक यानिक नेझे-सेगॅं, ऑर्गनवर जेम्स ओडॉनेल. रचना दोन्ही फ्रेंच. पहिली पूलांकची, १९३८ सालची. ऑर्गनच्या जोडीला केवळ तंतुवाद्ये आणि नगारे. ती लिहवून घेणारी पोलिन्याक राजकन्या म्हणजे, घरोघरच्या शिवणयंत्रामुळे आपल्यालाही ठाऊक असलेल्या, सिंगरची मुलगी! दुसरी सॅं-सान्सची तिसरी सिंफनी. तिचा पहिला प्रयोग १८८६ साली लंडनमध्येच झाला होता. तेव्हा हे तिचे माहेरपणच म्हणायचे.

या सिंफनीच्या मुद्रणात एक अडचण असते. चांगला वाद्यवृंद आणि चांगला ऑर्गन एका छताखाली नेहमी सापडत नाहीत. बॅरेनबॉइम यांच्या प्रसिद्ध मुद्रणात वाद्यवृंद शिकागोचा, तर ऑर्गन फ्रान्समधील शार्त्रच्या कॅथीड्रलचा. दोन्ही मागाहून जुळवलेले. जिवंत मैफलीत ती सोय कुठली? ऑर्गनचा सूर ऐन वेळी बदलता येत नाही. वाद्यवृंदालाच त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. त्यातून श्रोत्यांच्या उबेने हवा तापली की नळ्यांचा सूर चढू लागतो!

ही जोखीम पत्करली म्हणून या मुद्रणाला मोल आहे. सॅं-सान्स ऑर्गनला बराच वेळ गप्प बसवतो. मग संथ भागात तो इतक्या हळुवारपणे येतो की सूर कानांआधी छातीला कळावा. आणि अखेरच्या भागाच्या आरंभी तोच ऑर्गन पूर्ण ताकदीने गर्जतो. नऊ वर्षे पुरता न बोललेला आवाज त्या क्षणी सभागृह भरून टाकतो. वाचकहो, फटाके थांबल्यावर, रात्री, चांगल्या ध्वनिवर्धकावर ही मैफल जरूर ऐका. लहानशा यंत्रातून तो पहिला हळुवार सूर हाती लागणार नाही.