माकडे कशाने मेली?

१९५७ साली म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरू लागली. भोवतालच्या गावकऱ्यांनाही तीव्र ज्वर येऊ लागला. हा पीतज्वर तर नव्हे, अशी प्रथम शंका आली. परंतु पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना निराळाच विषाणू सापडला. त्याचा वाहक डास नसून गोचीड ठरली. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी आसपास पसरतात. म्हणून मृत माकडास स्पर्श न करता अधिकाऱ्यांस कळवावे, त्या जागी कीटकनाशक फवारावे आणि रानात जाताना अंगास गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे, हे उपाय निघाले. रोग अद्याप निर्मूल झालेला नाही. तथापि नागरहोळे अरण्यालगतच्या पिरियापट्टणातील गुराख्यानेही सावधगिरी कोठे बाळगावी, हे या शोधाने स्पष्ट झाले.